मुक्कामी पाहुणा

आमच्या वडूज परिसरातील जुन्या गावांच्या शिवेवर मरीआईचे ठाणे हमखास आढळते. शेंदूर फासलेला दगड, त्यापुढे वाळून गेलेल्या लिंबांच्या फोडी आणि एखादी फुटकी पणती एवढेच तेथे असते. माझी आजी याच खटाव तालुक्यातील एका लहान खेड्यात वाढली. तिच्या लहानपणी पटकीची साथ आली, की गावात मरीआईचा गाडा निघे. सुतार लाकडाचा छोटासा गाडा करी. त्यात हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, चोळीचा खण, नारळ आणि लिंबे ठेवीत. हलगीच्या कडकडाटात सारा गाव तो गाडा ओढत शिवेपर्यंत नेई आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडून देई. परत येताना कोणी मागे वळून पाहायचे नाही, असा नेम होता.

लहानपणी मी तिला विचारले होते, “मग पुढच्या गावाचं काय?”

“ती लोकं त्यांच्या शिवेवर नेत्यात.”

“आणि सगळ्यांत शेवटचं गाव?”

आजी क्षणभर थांबली आणि म्हणाली, “तेवढा इचार करायला कुणाला उसंत व्हती, बाळा? घरात मढं पडलेलं असायचं.”

तिच्या उत्तरात दोष काढण्याचे धाडस मला आजही होत नाही. दुष्काळाने पिचलेल्या, ओढ्यात झरे उकरून पाणी पिणाऱ्या त्या लोकांजवळ दुसरा उपाय नव्हता. तरीही त्या विधीच्या मुळाशी असलेली समजूत मला आयुष्यभर विचार करायला लावीत आली आहे. अनिष्ट बाहेरून येते, म्हणून ते बाहेर घालवता येते, अशी ती समजूत. ती केवळ खेड्यांपुरती आहे असे मानण्याचे कारण नाही. आपल्या घरात, आपल्या समाजात, आपल्या मनात काही वाईट प्रकट झाले, की आपण सारेच त्यासाठी एक गाडा शोधू लागतो. संगत वाईट होती, काळ वाईट आहे, रक्तच तसे आहे, असे आपण म्हणतो आणि तो गाडा पुढच्या शिवेत ढकलून देतो.

या प्रश्नाकडे नव्याने पाहण्याची दृष्टी मला पटकीनेच दिली. मी आयुष्यभर माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. त्यामुळे त्या शास्त्राच्या वाटेने वाचकांना थोडे चालवीत नेतो. वाट किंचित अवघड आहे, परंतु तिच्या शेवटी आपलेच घर आहे.

रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली कलकत्त्यात पटकीचा जंतू वेगळा करून दाखवला. स्वल्पविरामासारखा वाकडा असा हा सूक्ष्म जीवाणू दूषित पाण्यातून पोटात जातो. त्याच्या तीस वर्षे आधी, १८५४ साली, इटलीतील फिलिप्पो पाचिनी याने तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. मात्र त्याच्या म्हणण्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. हा जंतू माणसाला नेमका कसा मारतो, हे कळायला आणखी पाऊण शतक जावे लागले. १९५९ साली कलकत्त्यातच डॉ. शंभुनाथ डे यांनी दाखवून दिले, की जंतू स्वतः आतड्याची मोडतोड करीत नाही. तो एक विष सोडतो. त्या विषाच्या प्रभावाने आतड्याच्या पेशी शरीरातील पाणी आणि क्षार बाहेर ओतू लागतात. आजी सांगे, की सकाळी धडधाकट असलेला गडी संध्याकाळपर्यंत चिपाडासारखा सुकून जाई. त्याचे कारण हे होते.

येथपर्यंतची कथा सरळ आहे. गुन्हेगार सापडला आणि त्याचे हत्यारही सापडले. परंतु १९९६ साली अमेरिकेतील मॅथ्यू वॉल्डर आणि जॉन मेकॅलानोस या दोघा संशोधकांनी एक शोध प्रसिद्ध केला आणि ही सरळ कथा एकदम गुंतागुंतीची झाली. पटकीच्या विषाची जनुके त्या जीवाणूची मूळची नव्हेतच, असे त्यांनी दाखवले. ती एका विषाणूने आत आणलेली आहेत. खाडीच्या आणि समुद्रकाठच्या पाण्यात या जीवाणूचे असंख्य भाईबंद राहतात. त्यांतील बहुतेकांजवळ हे विष नसते. ज्यांच्या अंगी तो विषाणू वस्तीला आला, त्यांनाच हे विष प्राप्त झाले. घटसर्पाच्या जंतूचीही हीच गत असल्याचे १९५१ सालीच व्हिक्टर फ्रीमन याच्या प्रयोगांतून दिसून आले होते. घटसर्पाचा जंतू विषाणूवाचून घशात राहिला, तर तो ते भयंकर विष निर्माण करू शकत नाही.

जीवाणूलाही विषाणूची बाधा होते, हे ऐकून कित्येकांना नवल वाटेल. १८९६ साली आग्र्याला काम करणाऱ्या अर्नेस्ट हॅन्किन या इंग्रज शास्त्रज्ञाने नमूद केले, की गंगायमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू थोड्या वेळात मरतात आणि तेच पाणी उकळले, की त्याचा हा गुण नाहीसा होतो. पुढे १९१५ साली फ्रेडरिक ट्वॉर्ट आणि १९१७ साली फेलिक्स द’हेरेल यांनी जीवाणूंना नष्ट करणारे सूक्ष्म विषाणू स्वतंत्रपणे शोधले. द’हेरेलने त्यांना ‘बॅक्टेरियोफेज’ म्हणजे जीवाणुभक्षक असे नाव दिले. हॅन्किनला जे दिसले त्याचा संबंध पुढील अभ्यासकांनी याच भक्षकांशी जोडला.

हा भक्षक जीवाणूच्या अंगावर बसतो आणि आपले जनुकद्रव्य आत सोडतो. त्यानंतर त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग दरोडेखोराचा. आत शिरून घरातील सारी सामग्री वापरायची, स्वतःच्या शेकडो प्रती तयार करायच्या आणि घर फोडून बाहेर पडायचे. दुसरा मार्ग मुक्कामी पाहुण्याचा. आलेले जनुकद्रव्य यजमानाच्या गुणसूत्रात एका ठरावीक जागी स्वतःला जोडून घेते आणि गप्प बसते. यजमान मरत नाही. तो खातो, वाढतो, दुभंगून एकाचे दोन होतो. प्रत्येक दुभंगाच्या वेळी पाहुण्याचीही नक्कल होते आणि ती लेकीबाळींच्या वाट्याला जाते. शेकडो पिढ्या अशा निघून गेल्या, तरी बाहेरून पाहणाऱ्याला त्या घरात कोणी परका आहे, याचा पत्ता लागत नाही. शास्त्रज्ञ या अवस्थेला ‘लायसोजेनी’ म्हणतात. आपण तिला सुप्तवास म्हणू. गुणसूत्रात मुरलेल्या अशा विषाणूला ‘प्रोफेज’ असे नाव आहे.

एस्थर लेडरबर्ग यांनी आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूत शोधलेला ‘लॅम्डा’ हा विषाणू या सुप्तवासाचे उत्तम उदाहरण आहे. त्याचे जनुकद्रव्य सुमारे ४८,५०० अक्षरजोड्यांचे. यजमान उपाशी असेल, किंवा एकाच वेळी बरेच विषाणू आत शिरले असतील, तर लॅम्डाचा कल मुक्काम करण्याकडे झुकतो. घरात लुटण्याजोगे काही नसेल, तर दरोडा घालून उपयोग काय, असाच जणू हिशेब.

या पाहुण्याचे गप्प बसणे हा या कथेतील माझ्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण भाग आहे. तो निजलेला नसतो. त्याला दाबून धरलेले असते. लॅम्डाच्या एका जनुकापासून एक दमनकारी प्रथिन सतत तयार होत राहते. ते विषाणूच्या बाकीच्या जनुकांच्या उंबरठ्यावर बसून त्यांना जागे होऊ देत नाही. १९६७ साली मार्क टाश्ने यांनी ते प्रथिन वेगळे करून दाखवले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंद्रे ल्वॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली असाच सुप्तवास असलेल्या एका जीवाणूवर अतिनील किरण सोडले होते. तासाभरात शांत दिसणाऱ्या त्या जीवाणूंची घरे फुटू लागली आणि आतून विषाणूंचे थवे बाहेर पडले. त्याचा उलगडा पुढे झाला. यजमानाच्या जनुकद्रव्याला इजा झाली, की पेशीत संकटाची हाक उठते. त्या धांदलीत दमनकारी प्रथिन तुटते आणि पाहुणा दरोडेखोर होतो. या कामाबद्दल ल्वॉफ यांना, फ्रान्स्वा झाकोब आणि झाक मोनो यांच्यासमवेत, १९६५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पटकीच्या जंतूतील विषाणू याहून वेगळ्या जातीचा आहे. त्याचे नाव सीटीएक्स-फाय. त्याचे जनुकद्रव्य केवळ सात हजारांच्या आसपास अक्षरांचे, आणि आकार धाग्यासारखा. तो यजमानाचे घर फोडीत नाही; घरातल्याच दारातून नव्या प्रती बाहेर पाठवीत राहतो. गुणसूत्रात शिरण्यासाठी लागणारे अवजारही तो बरोबर आणत नाही. जीवाणूजवळ स्वतःच्या गुणसूत्राचा गुंता सोडवणारी दोन प्रथिने असतात. ती एका ठरावीक जागी कापून जोडण्याचे काम करतात. हा विषाणू आपल्या धाग्याला अशी घडी घालतो, की ती त्या जागेसारखीच दिसते. यजमानाची प्रथिने फसतात आणि आपल्याच हातांनी परक्याला घरात शिवून घेतात. कुलूप यजमानाचे, किल्लीही यजमानाचीच.

आता मी माझ्या स्वतःच्या घराकडे वळतो.

माझे वडील कोरडवाहू शेतकरी होते. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली आणि आम्हा भावंडांना जगवले. ते कष्टाळू होते, शब्दाचे पक्के होते. परंतु त्यांचा राग भयंकर होता. तो एरवी दिसत नसे. महिनेच्या महिने घर शांत असे. मग पाऊस हुकला, सावकाराचा माणूस दारात आला, की त्यांचा हात उठे आणि जो समोर असेल त्याच्यावर पडे. आजी माझ्या पाठीला हळद लावताना म्हणे, “आज्याचा हात उतरलाय त्याच्यात.” आजोबांना मी कधी पाहिले नाही. त्यांच्या हाताची मात्र मला चांगली ओळख होती.

मी शिकलो, शिक्षक झालो आणि हा हात माझ्यात उतरू द्यायचा नाही, असा मनाशी निश्चय केला. बरीच वर्षे तो टिकलाही. १९८२ च्या पावसाळ्यात घरी आजारपण होते, पगार थकला होता, रात्रीची झोप नव्हती. आठवीच्या वर्गात एका मुलाने वही आणली नाही आणि मी विचारल्यावर तो हसला. पुढचे मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. माझा हात उठला, एकदा नव्हे, चारपाच वेळा. मुलगा बाकावरून खाली पडला. वर्ग दगडासारखा स्तब्ध झाला. मला स्वतःच्या हाताकडे पाहून वाटले, की हा माझा नाही. तो मुलगा वहीवाचून का आला होता, हे मला नंतर समजले. घरी वही घ्यायला पैसे नव्हते. आणि तो भीतीने हसला होता. तालुक्यातील त्या शाळेत मला कोणी जाब विचारला नाही. त्या काळी मास्तरांच्या माराला कोणी गुन्हा समजत नसे.

तो हात कोणाचा होता, हा या लेखाचा प्रश्न आहे.

पहिले उत्तर सोपे आहे आणि ते मी अनेक वर्षे स्वतःला देत आलो. हात आजोबांचा होता. मी केवळ घर. आत शिरलेला पाहुणा वेगळा. हे उत्तर नवे नाही. तरुणपणी संत ऑगस्टीन मानीपंथात होते. आपण पाप करीत नाही, आपल्यात असलेली दुसरीच कोणती तरी प्रकृती ते करते, असे मानण्यात त्या वेळी आपल्या गर्वाला किती सुख वाटत असे, हे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात प्रांजळपणे सांगितले आहे. मरीआईचा गाडा येथे मनातल्या मनात फिरतो, इतकेच. संत पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आपल्या ठायी वसती करून राहिलेल्या पापाविषयी लिहिले आहे. पण ते लिहिताना त्याने स्वतःला सोडवून घेतलेले नाही. तो स्वतःच्या दुर्दशेबद्दल आक्रोश करतो. परका आत राहतो हे दोघांनाही दिसले. त्या दिसण्यातून एक सबब काढतो आणि दुसरा शरण जातो.

पटकीच्या जंतूचा आणखी एक तपशील येथे मार्गदर्शक ठरतो. विषाची जनुके विषाणूची खरी. परंतु ती केव्हा जागी करायची, हे ठरवणाऱ्या साखळीच्या वरच्या टोकाला यजमानाच्या मूळ गुणसूत्रावरचा एक नियंत्रक बसलेला असतो. तो जीवाणूचा पूर्वापार घरचा. बाहेरची परिस्थिती हेरून तो आज्ञा देतो, ती साखळीतून खाली पोचते आणि मग विष तयार होते. विष परक्याचे, हुकूम घरचा. माझ्या बाबतीतही तसेच घडले होते. रागाची ठिणगी वारशाने आली असेल; पण समोर आठवीतले पोर आहे, ते उलट हात उचलणार नाही, येथे आपल्याला कोणी विचारणार नाही, हे हेरणारा कोणी तरी माझ्यात जागा होता. मुख्याध्यापकांसमोर माझा हात कधी उठला नाही. जो हात जागा निवडतो, तो माझाच असतो. मिस्साच्या आरंभी आपण छातीवर हात ठेवून दोष कबूल करतो, तेव्हा आजोबांचे नाव घेत नाही. यात मोठे शहाणपण आहे.

दुसरे उत्तर याच्या अगदी उलट आहे आणि तेही तितकेच घातक. पाहुणा रक्तात मुरला आहे, तेव्हा सारे घरच नासले. आता याला उपाय नाही. त्या घटनेनंतर काही दिवस मी असाच वावरलो. मुलांकडे पाहण्याची मला भीती वाटे. नोकरी सोडावी असेही मनात आले. पुष्कळ सज्जन माणसे या निराशेत बुडून जातात आणि तिलाच पश्चात्ताप समजतात.

निसर्ग या निराशेला दुजोरा देत नाही. ई. कोलायच्या प्रयोगशाळेतील एका प्रसिद्ध वाणाच्या गुणसूत्रात नऊ जुन्या विषाणूंचे अवशेष आहेत. त्यांची फोडून बाहेर पडण्याची शक्ती केव्हाच गेली आहे. २०१० साली संशोधकांनी ते नऊही काढून टाकून पाहिले, तेव्हा तो जीवाणू अधिक सुदृढ होण्याऐवजी दुबळा ठरला. काही प्रतिजैविके आणि इतर संकटे यांपुढे तो पूर्वीसारखा टिकेना. जुने दरोडेखोर घरच्या राखणीला लागले होते. आपण माणसे तरी कोठे वेगळी आहोत? आपल्या जनुकसंचाचा सुमारे आठ टक्के भाग प्राचीन विषाणूंच्या अवशेषांचा आहे. आईच्या उदरात वारेची जडणघडण होताना जे एक प्रथिन पेशींना एकत्र सांधते, ते अशाच एका प्राचीन विषाणूपासून आपल्याकडे आले, हे २००० साली उघड झाले. प्रत्येक बाळ त्या जुन्या परक्याच्या मदतीने आईच्या पोटात वाढते.

पटकीवरचा सर्वांत मोठा इलाजही विचार करण्यासारखा आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात कालवून ते रुग्णांना पाजायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले. त्या पाण्याने एकही जंतू मरत नव्हता. माणसाला तगवून धरायचे, म्हणजे त्याचे शरीर बाकीचे काम पुरे करते, एवढेच ते तत्त्व. मलाही त्या दिवसांत एका वृद्ध धर्मगुरूंनी असेच तगवले. त्यांनी माझे सारे ऐकून घेतले आणि विचारले, “तुम्ही रात्री किती तास झोपता?” मला तो प्रश्न त्या वेळी अप्रस्तुत वाटला होता. आज त्याचा अर्थ कळतो. दमन करणारे प्रथिन केव्हा तुटते, हे त्यांना प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते.

रागाचेही सारेच वाईट नसते, हे वडूजच्या माणसाला वेगळे सांगायला नको. ९ सप्टेंबर १९४२ रोजी येथील तहसील कचेरीवर तिरंगा घेऊन मोर्चा गेला आणि त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. ती माणसे थंड रक्ताची नव्हती. परंतु त्यांचा संताप दुबळ्याकडे वळला नाही, सत्तेकडे वळला. आणि त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. शेतात गहू आणि निदण एकत्र वाढतात, तेव्हा उपटण्याची घाई करू नये, हा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आतले काय उपटायचे आणि काय कामाला जुंपायचे, हे ओळखायला आयुष्य पुरत नाही.

येथे एक सावधगिरी नोंदवली पाहिजे. जीवाणूला मन नाही, सदसद्विवेक नाही. तो पापी नाही आणि पुण्यवानही नाही. विषाणू म्हणजे पाप, असे समीकरण कोणी मांडू नये. दृष्टान्त खिडकीसारखा असतो. त्यातून पाहायचे असते, त्यात राहायचे नसते. या खिडकीतून मला दिसले ते इतकेच, की एखादी गोष्ट बाहेरून आलेली आहे आणि ती माझी आहे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. आणि शांत दिसणारे घर हे कोणाच्या तरी अखंड श्रमावर शांत असते.

आता अखेरचा प्रसंग सांगतो. तो मी आजवर कोठे लिहिला नव्हता.

निवृत्तीला दोनेक वर्षे उरली असताना, २००८ साली, वडूजच्या एसटी स्टँडवर एका गृहस्थाने माझे पाय धरले. केस पांढरे होऊ लागले होते, पण हसणे मी ओळखले. तोच मुलगा. शेजारी त्याचा बारा वर्षांचा मुलगा उभा होता. तो मोठ्या आपुलकीने म्हणाला, “सर, तुम्ही त्या दिवशी मारलंत म्हणून मी माणसात आलो. मीपण ह्याला तसंच वळण लावतोय. हात आखडता घेत नाही.”

मुलगा खाली मान घालून उभा होता. त्याच्या डाव्या कानाजवळ एक वळ होता.

वाचकहो, त्या क्षणी मला आजीचा गाडा दिसला. आजोबांच्या शिवेवरून वडिलांच्या शिवेत, तेथून माझ्या आणि माझ्या हाताने या परक्या घराच्या शिवेत तो येऊन उभा होता. जीवाणूंच्या जगात विषाणू केवळ बापाकडून लेकाकडे जात नाही. तो शेजाऱ्याच्या घरातही जातो. माझा वारसा मी रक्ताच्या नात्यात थांबवला असे समजत होतो. माझ्या मुलांवर मी कधी हात उगारला नव्हता. पण तो शेजारच्या घरात कधीच पोचला होता, आणि तेथे त्याला कृतज्ञतेने सांभाळले जात होते. त्या घरच्या माणसाने आपल्याच हातांनी तो शिवून घेतला होता.

आभार स्वीकारून मी मुकाट्याने एसटीत बसलो असतो, तर कोणाच्या लक्षात आले नसते. तसे करावे, असा मोहही झाला. शिक्षकाला आपल्या थोरवीची साक्ष नेहमीच गोड लागते. मी त्याला बाजूच्या बाकावर बसवले. त्याच्या मुलालाही जवळ घेतले आणि म्हणालो, “अरे, तू माणसात आलास तो तुझ्या गुणांनी. त्या दिवशी मी मारलं, ती माझी चूक होती. तुझ्याकडे वही नव्हती आणि मी तुला विचारलंही नाही. सव्वीस वर्षं झाली. आज तुझी माफी मागतो.”

तो गोंधळला. “सर, असं म्हणू नका,” असे दोनतीनदा पुटपुटला. मग बराच वेळ गप्प राहिला. त्याचे डोळे भरले, की मला तसे भासले, हे सांगता येणार नाही. गाडी लागली तेव्हा तो उठला आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून निघाला. मुलाने मात्र जाताना वळून माझ्याकडे पाहिले.

पुढे त्या घरात काय झाले, मला माहीत नाही. एका माफीने तीन पिढ्यांचा वारसा पुसला जातो, असे मानण्याइतका मी भोळा नाही. माझ्यातला पाहुणाही गेलेला नाही. म्हातारपणी पाणी वेळेवर मिळाले नाही, तरी तो कूस बदलतो आणि मला त्याची चाहूल लागते. त्याला शिवेबाहेर नेऊन सोडण्याचा विचार मी केव्हाच सोडला आहे, कारण शिवेपलीकडे कोणाचे तरी घर असतेच. गाडा माझ्या शिवेत थांबावा, त्याचा पुढचा प्रवास माझ्या हातून होऊ नये, एवढीच माझी रोजची प्रार्थना आहे आणि एवढेच रोजचे काम.